चौथीतलं मूल वाचत नाही : सुरुवात कुठून करायची?

पुस्तक उघडं, बोट ओळीवर, आवाज खणखणीत. चौथीतली ती मुलगी धडा वाचत होती आणि मी मनातल्या मनात खूश होत होते. मग लक्षात आलं, तिचं बोट तिसऱ्या ओळीवर आहे आणि तोंड पाचव्या. इतरांचं ऐकून ऐकून तिचा अख्खा धडा पाठ झाला होता. मी त्याच धड्यातला 'पिशवी' हा शब्द कोऱ्या कागदावर लिहून तिच्यापुढे ठेवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, हे पुस्तकात कुठंय?"

तुमच्या वर्गातही असं मूल आहे. तुम्ही नुकतेच शाळेवर रुजू झाला असाल, किंवा विशेष शिक्षक म्हणून केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, सात-आठ शाळा फिरत असाल, तर पहिल्याच महिन्यात ते भेटेल. 'कच्चं आहे' म्हणून त्याला परत क-ख-ग-घ गिरवायला बसवणं हा बहुतेक शाळांमधला रिवाज. त्या मुलाने तो प्रकार तीन वर्षं केलेला असतो आणि त्यातून काही निघालेलं नसतं. वाचन नेमकं कुठे तुटतं ती जागा शोधायची आणि तिथूनच शिकवायला लागायचं, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. मराठी माध्यमातल्या तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी ते कसं करायचं ते क्रमाने लिहिते.

आधी डोळे, कान आणि हजेरीपट

दोन दिवस काही शिकवू नका, नुसतं बघा. फळ्यावरचं उतरवताना मूल डोळे बारीक करतं का? फळा सोडून शेजारच्याच्या वहीतून उतरवतं का? पुस्तक नाकाजवळ नेतं का? पाठमोरं असताना हाक मारली तर वळतं का? कान वाहत असल्याचं घरून कुणी कधी बोललं आहे का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. ते आलं त्या दिवशी हे मूल हजर होतं का, हे आधी बघा. नसेल तर मुख्याध्यापकांना सांगून त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. चष्म्याने सुटणाऱ्या अडचणीवर आपण वर्षभर बाराखडी घोटत बसलो, असं व्हायला नको.

मग हजेरीपट काढा, मागच्या दोन वर्षांचेही. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेलं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतलेलं मूल चौथीत दिसलं, तरी त्याच्या वाट्याला शाळा दीड-दोन वर्षांचीच आलेली असते. त्याची शिकण्याची ताकद पूर्ण आहे, त्याला दिवसच मिळालेले नाहीत. घरी कोरकू, गोंडी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाची गोष्ट आणखी वेगळी. 'बदक' हा शब्द त्याने अक्षर अक्षर बरोबर लावला, तरी डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. अशा मुलाला आधी चित्र दाखवून त्याच्या भाषेतला शब्द विचारा, तो त्याच्याकडून शिका, मग मराठी शब्द द्या.

या तिन्ही मुलांना वाचता येत नाही. तिघांवर उपाय मात्र तीन आहेत.

दहा मिनिटांची तपासणी

मुलाला एकट्याला घेऊन बसा. व्हरांड्यात, झाडाखाली, कुठेही चालेल, फक्त बाकीचा वर्ग ऐकत नको. मजकूर त्याच्या पुस्तकातला घेऊ नका, का ते वर आलंच. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणात २००५ पासून वापरलं जाणारं साधन मराठीतही आहे : अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल साधारण कोणत्या पायरीवर आहे हे त्यातून कळतं. शिकवायला बसण्याआधी मात्र त्याहून बारीक माहिती हवी, म्हणून मी पाच कागद करते.

पहिल्या कागदावर अक्षरं असतात, वर्णमालेच्या क्रमाने नाही तर विस्कटून. क्रमाने दिली तर मूल गाणं म्हणतं, वाचत नाही. दुसऱ्यावर काना नसलेले आणि काना असलेले शब्द : घर, नळ, कमळ, बाग, पाट. तिसऱ्यावर वेलांटी, उकार, मात्रा आणि दोन-चार जोडाक्षरं. चौथ्यावर अर्थ नसलेले शब्द : लमका, नाबमा, कीमू. हा कागद वेडगळ वाटेल, पण सगळ्यात कामाचा हाच. इथे पाठांतर चालत नाही आणि अंदाजही चालत नाही. अक्षरावरून आवाज काढता येतो की नाही, एवढंच उरतं. मुलाला आधीच सांगा की हे गमतीचे शब्द आहेत, त्यांना अर्थ नाही. नाहीतर ते बिचारं अर्थ शोधत बसतं.

पाचवा कागद तुमच्या हातात राहतो. त्यावरची आठ-दहा ओळींची गोष्ट तुम्ही वाचून दाखवायची आणि चार प्रश्न विचारायचे. ऐकून सगळं समजतं पण वाचता येत नाही, तर अडचण लिपीत आहे. ऐकूनही समजत नाही, तर आधी भाषेवर, गप्पांवर, गोष्टींवर काम करायचं. आणि घडाघडा वाचतं पण 'काय वाचलंस?' म्हटल्यावर गप्प बसतं, ते तिसरंच मूल. त्याला बाराखडी देऊन काही होणार नाही.

मूल वाचत असताना दुरुस्ती करू नका. मान हलवा, पुढे जाऊ द्या. जे उच्चारलं ते तसंच्या तसं टिपून घ्या, बरोबर-चूक अशी खूण नको.

चुका वाचायला शिका

त्या टिपणात साधारण चार प्रकार दिसतात. पहिला आकाराचा गोंधळ : 'घर'चं 'धर', 'भात'चं 'मात', 'बाग'चं 'वाग'. घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष या जोड्या नेहमीच्याच. दुसरा म्हणजे खुणा गळणं : 'किती'चं 'कती', 'फूल'चं 'फल'. तिसऱ्यात क्रम उलटतो : 'सूर्य'चं 'सूयर'. चौथा अंदाज : पहिलं अक्षर बघायचं आणि ओळखीचा शब्द ठोकून द्यायचा, 'पाटी'चं 'पाणी'. अंदाज लावणारं मूल हुशार असतं. त्याने वर्गात तग धरायची आपली युक्ती काढलेली असते. ते आळशी आहे असा शेरा वहीत आधीच कुणी लिहिलेला असेल, तर मनातून खोडून टाका.

एक प्रकार मात्र चुकीत धरायचा नाही. खानदेशात किंवा वऱ्हाडात मूल 'डोळा' वाचताना 'डोया' म्हणालं, तर त्याने बरोबर वाचलं आहे. अक्षर ओळखलं आणि घरच्या बोलीत उच्चारलं. तिथे टोकलंत तर त्याला एवढंच कळतं की आईसारखं बोलणं म्हणजे चूक.

अक्षरगट : पहिल्याच दिवशी वाक्य

शिकवताना अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने घेऊ नका. क, ख, ग, घ, ङ शिकून मुलाला वाचायला काय मिळतं? 'ङ'ने सुरू होणारा एक शब्द दाखवा. त्याऐवजी पाच अक्षरांचा गट घ्या, रोजच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या अक्षरांचा. त्यात सारखी दिसणारी दोन अक्षरं एकत्र येऊ देऊ नका, आणि काना पहिल्याच दिवसापासून ठेवा. माझा पहिला गट क, म, ल, न, ब आणि काना असा असतो. एवढ्यात काय काय निघतं बघा : मामा, काका, बाबा, नाना, कान, नाक, लाल, काम, काल, मला, बाक, कमान, बालक. आणि वाक्यं : 'काकाला काल काम.' 'मामा, नाक लाल!'

पहिल्याच आठवड्यात मूल पूर्ण वाक्य वाचतं आणि हसतं. दोन वर्षं तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसलेल्या मुलाच्या दृष्टीने हे फार मोठं आहे. म्हणून निरर्थक सरावाच्या चार ओळींपेक्षा त्याच अक्षरांत एक खुसखुशीत वाक्य बसवायला मी दहा मिनिटं जास्त घालवते.

रोज गटाची सुरुवात आवाजाच्या खेळाने करा, पाटी-पुस्तकाशिवाय. 'कमळ'मधला 'म' काढला तर काय उरलं? कळ. 'साखर'मधला 'ख' काढला तर? सार. 'मगर'मधला 'म'? गर. ज्याला हे तोंडी जमत नाही त्याला कागदावर अक्षरं जोडणं जड जाणारच. दोन मिनिटं पुरतात, आणि जेवणाच्या रांगेतही हा खेळ चालतो.

पहिला गट पक्का झाल्याशिवाय दुसरा उघडू नका. पक्का म्हणजे अक्षर दिसल्याबरोबर, विचार न करता तोंडात येणं. 'घ' शिकवून झाल्यावर 'ध'ला निदान दोन गट थांबवा. दोन्ही आल्यावर मग समोरासमोर ठेवून फरक शोधायला सांगा, तुम्ही सांगू नका.

पहिली वेलांटी, रफार आणि बाकीच्या अडचणी

आपल्या लिपीत एक चमत्कारिक गोष्ट आहे. मोठ्यांच्या ती लक्षातही येत नाही. 'पिन' म्हणताना तोंडात आधी 'प्' येतो, नंतर 'इ'. कागदावर मात्र वेलांटी 'प'च्या आधी उभी! डावीकडून उजवीकडे चालणारं मूल तिथे अडखळणारच. त्याला हे सरळ सांगून टाका : "ही एकच खूण अशी आहे, बसते आधी आणि वाजते नंतर." सांगितलं की मुलांचा चेहरा सैल होतो. इतके दिवस आपलंच काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटत असतं. ब्रेलमधून मराठी शिकणाऱ्या मुलांना ही अडचण येत नाही, कारण भारती ब्रेलमध्ये वेलांटीची खूण अक्षरानंतरच येते.

हे शिकवायला शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक झाकण जपून ठेवा. त्याच्या पट्ट्या कापा आणि मार्करने एकेका पट्टीवर काना, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, उकार, मात्रा काढा. खाली पुठ्ठ्यावर 'प'. पट्टी ठेवली की 'पि', उचलली की 'प', दुसरी ठेवली की 'पू'. मुलाने स्वतःच्या हाताने ठेवायची आणि ठेवता ठेवता बोलायचं. पुठ्ठा बदलून 'म' घ्या, पट्ट्या त्याच. 'पिशवी' न वाचणाऱ्या त्या मुलीने या पट्ट्यांशी चार दिवस खेळून पाचव्या दिवशी मला विचारलं, "मग ही पट्टी सगळ्यांवर चालते?" बाराखडी तिला तोपर्यंत नुसती म्हणता येत होती. ती चालते कशी, हे तिला त्या दिवशी कळलं.

ऱ्हस्व-दीर्घावरून वाचनात अडवू नका. बोलताना आपण मोठी माणसं तरी हा फरक कितीसा करतो? शुद्धलेखन पुढे येईल. लाल शाईने भरलेलं पान मिळालं की मूल लिहायचंच थांबतं.

रफारासाठी एक वाक्य पुरतं : ज्या अक्षरावर दिसतो, त्याच्या आधी वाजतो. सूर्य, पर्वत, गर्दी. जोडाक्षरांत आधी अर्धं अक्षर स्पष्ट दिसणारी घ्या : स्त, ल्ल, च्च, म्ह, न्ह. 'मस्त', 'गल्ली', 'कच्चा', 'म्हैस' हे शब्द मुलांच्या तोंडात आहेतच. क्ष, ज्ञ, त्र, श्र ही घटकाक्षरं न दिसणारी मंडळी, त्यांना नवी अक्षरं समजूनच शिकवा. द्ध, द्य, ह्म सर्वांत शेवटी. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक पाचवीपर्यंत थांबला तरी काही बिघडत नाही.

रोजचा अर्धा तास

आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोज तीस मिनिटं. आवाजाचा खेळ दोन-तीन मिनिटं, जुन्या अक्षरांची उजळणी पाच, नवं दहा, त्याच अक्षरांत बसणारा मजकूर वाचणं सात-आठ, आणि उरलेल्या वेळात तुम्ही त्याला चांगली गोष्ट वाचून दाखवायची. हा शेवटचा भाग वेळ नाही म्हणून कापू नका. ज्याला अजून वाचता येत नाही, त्याला वाचल्यावर काय मिळतं हे तेवढ्याच मिनिटांत कळतं.

अक्षरं जुळायला लागली की ओघाकडे वळा. एकच छोटा उतारा चार दिवस : पहिल्या दिवशी तुम्ही वाचा, दुसऱ्या दिवशी दोघं एका सुरात, तिसऱ्या दिवशी तो वाचेल आणि तुम्ही ऐकाल, चौथ्या दिवशी तो पहिलीतल्या कुणाला वाचून दाखवेल. हा चौथा दिवस मुलांना फार आवडतो. केंद्र सरकारच्या, २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द अर्थासह वाचणं हे लक्ष्य आहे. ते तुमच्या दैनंदिनीत असू द्या, मुलाच्या डोक्यावर घड्याळ लावू नका. मराठीत 'शाळेतल्यासुद्धा' हाही एकच शब्द मोजला जातो, हे विसरून कसं चालेल?

बाकीचे पाच तास

अर्धा तास संपला की मूल वर्गात परत जातं आणि तिथे परिसर अभ्यासाचं पान त्याला वाचता येत नाही. वाचन येईपर्यंत ज्ञान थांबवून ठेवायचं का? मुळीच नाही. तो मजकूर त्याला ऐकवा, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून द्या, शेजारी वाचून दाखवणारा मित्र बसवा, उत्तर तोंडी घ्या. गणितातलं शाब्दिक उदाहरण वाचून दाखवलं आणि त्याने बरोबर सोडवलं, तर पूर्ण गुण त्याचे. ते गणित आहे, वाचनाची परीक्षा नाही.

सगळ्या वर्गापुढे त्याला अचानक उठवून प्रकटवाचन करायला लावू नका. आदल्या दिवशी दोन ओळी ठरवून द्या, घरून तयार करून येईल आणि ताठ मानेने वाचेल.

इतर गरजा असलेल्या मुलांबद्दल थोडक्यात. कमी दिसणाऱ्याला ठळक, मोठा टाइप, पुस्तक तिरकं ठेवायला आधार, आणि प्रकाश त्याच्या पाठीमागून किंवा बाजूने यावा. कमी ऐकू येणाऱ्याला पुढे बसवा आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका, त्याला तुमचे ओठ दिसले पाहिजेत. स्वमग्न मुलाला दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर लावून द्या. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला रोजच्या उपयोगाचे शब्द आधी : स्वतःचं नाव, गावाचं नाव, एसटीची पाटी, 'धोका', 'स्त्रिया', 'पुरुष'. हे शब्द त्याने अख्खे ओळखले तरी चालतील. या प्रत्येकावर स्वतंत्र लेख व्हायला हवा, म्हणून इथे थांबते.

सहा आठवड्यांनी

तेच पाच कागद पुन्हा काढा. सहा आठवडे रोज बसलेलं बहुतेक मूल हललेलं दिसतं. पाच अक्षरांनी असो, एका पायरीने असो. हलत नसेल तर आधी तुमचा क्रम तपासा : गट फार भरभर उघडले का, खाडे किती झाले. ते ठीक असूनही मूल तिथेच आहे, ऐकून छान समजतं, तोंडी हुशार आहे, आणि काकाला किंवा वडिलांनाही शाळेत असाच त्रास होता असं घरून कळलं, तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जाणं; डिस्लेक्सिया त्यातलाच एक प्रकार) शंका घ्यायला जागा आहे. शंका, निदान नाही. निदान तज्ज्ञच करतील. अक्षरं उलटी लिहिली म्हणून पहिलीतल्या मुलाला डिस्लेक्सियाचा शिक्का मारू नका, त्या वयात पुष्कळ मुलं तसं लिहितात.

केंद्रप्रमुखांमार्फत तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांकडे लेखी कळवा, सोबत तुमची टिपणाची वही द्या. तपासणारे तीच आधी मागतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता येते. १९९५ च्या जुन्या कायद्यात ती नव्हती. अशी मुलं लवकरात लवकर शोधणं ही आता कायद्यानेच शाळेची जबाबदारी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी जिल्हा रुग्णालयात करायची. मुंबईत शीव रुग्णालयात अशा तपासणीचं क्लिनिक आहे. पुढे परीक्षांमध्ये लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन तासांच्या पेपरला किमान एक तास जादा धरला आहे. दहावीच्या वर्षी धावाधाव करण्यापेक्षा प्रमाणपत्राचे कागद आधी झालेले बरे.

पालकांशी मात्र हे सगळं सुरू करण्याआधी बोला, आणि शाळेत बोलावून नाही, जमलं तर घरी जाऊन. सुरुवात तक्रारीने करू नका. मूल कशात चांगलं आहे ते आधी सांगा, खोटं नाही, खरंच बघितलेलं. त्या मुलीच्या घरी मी प्लास्टिकच्या पट्ट्या घेऊन गेले होते. तिने आईला 'पि', 'पी', 'पू' करून दाखवलं. वडील दारात उभे होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "बाई, ते अपंगाचं कार्ड काढलं तर शाळेतून काढणार नाहीत ना?"

नाही. शाळा तीच, वर्ग तोच, बाकही तोच. त्यांना मी हेच सांगितलं, आणि तपासणीची तारीख ठरल्यावर त्यांच्याबरोबर मीही गेले.